रजईतली मंगलाष्टकं

ती. सौ. शशीताईस,

बरखेड्याहून विश्वासचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखत असल्यामुळे तूर्त मनातल्या मनात घातलेला). भाऊजींचं पित्त शांत आहे ना? लग्नघर म्हटलं की त्यांचं पित्त आणि तुझा आवाज दोन्ही चढतात, म्हणून आधीच विचारून घेतो.

तर तुझ्या लेकीची मंगलाष्टकं तयार झाली. आमच्या सईच्या लग्नात मी माइकपुढे रडलो, गुरुजी घड्याळाकडे बघत राहिले आणि मुहूर्त टळला, हे तुम्ही सगळे अजून चवीने सांगता. (रडलो नव्हतो. होमाचा धूर होता. होम नंतर पेटला, हा मुद्दा वेगळा.) त्यामुळेच अबोलीने फर्मान काढलं, "मामा, तू रेकॉर्ड करूनच पाठव." मनाला लागलं, पण कामालाही लागलो.

आमच्या निनादने गोविंदपुऱ्यातली नोकरी सांभाळून मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला आहे. स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट, त्याच्या उघड्या दारांवर टाकलेल्या रजया आणि मध्ये माइक. 'प' म्हणताना माइकवर फुंकर बसू नये म्हणून मंदाकिनीच्या भरतकामाच्या रिंगवर माझा मोजा ताणून बसवलाय (धुतलेला, असं निनाद म्हणतो). भोपाळचा मे महिना, आणि पंखा बंद, कूलर बंद, कारण माइकला सगळं ऐकू येतं. आधी माझी पेटी रेकॉर्ड केली, मग ती हेडफोनवर ऐकत मी रजईत शिरून गायलो. तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी आली. निनाद ती काढणार होता, पण मंदाकिनी म्हणाली, राहू दे, तेवढाच माझा सहभाग.

घोटाळा झाला शेवटच्या कडव्यात. तिथे शेवटच्या ओळीत अबोलीचं नाव येतं, आणि नेमका तिथेच रजईतला कापूस माझ्या घशात जायचा. निनादने रजया झटकल्या, पाणी दिलं, मोजासुद्धा बदलला. कापूस आपला त्याच शब्दाला. हेडफोन लावल्यावर आपण किती मोठ्याने गातो ते कळत नाही, त्यामुळे शेवटी शेजारचे चौबेजी धावत आले. "भाईसाब, सब कुशल तो है? अंदर से रोने की आवाज़ आ रही थी!" मी घामाने निथळत रजईतून बाहेर आलो, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. निनाद म्हणाला, "अंकल, शादी का गाना है." चौबेजींनी हात काढला नाही.

मग मिक्सिंग. घसरलेला सूर वर उचलता येतो, खोकला वेचून काढता येतो. निनादने माझे सूर इतके उचलले, की ऐकताना वाटलं, कोणी होतकरू माणूस गातोय. पेटी त्याने जरा मागे नेली (जरा म्हणजे इंदूरपर्यंत). फक्त त्या कापसाचं काही करता येईना, तो नावातच मिसळला होता. असो. पेनड्राइव्ह सोबत आहे, जपून ठेव.

तुझा धाकटा भाऊ,
विश्वास

ता. क. शेवटच्या ओळीत निनादने नावासकट तेवढा तुकडा कापून टाकलाय. तिथे नुसती पेटी वाजते. बिघाड समजून दुरुस्त करायला देऊ नकोस. मामा म्हणून मी पोरीच्या पाठीशी उभा असणारच. तेवढं एक नाव मला तिथे म्हणू दे, माइकशिवाय. एका शब्दाने काही मुहूर्त टळत नाही. अबोलीला आधी सांगू नकोस, ती नको म्हणेल.

ता. क. २. रजईत कापूस नाही, ताई. फायबरची आहे. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर, नाव घेतलं की भरून येतं, त्याला मी काय करू?

ता. क. ३. वन्सं, मी मंदाकिनी. पाकीट चिकटवण्याआधी पत्र वाचलं. यांना हो म्हणा. मी वाजंत्रीवाल्यांशेजारी उभी राहीन. नाव आलं यांच्या तोंडून तर ठीकच, नाहीतर मीच म्हणेन. कुकरइतका माझाही आवाज पोचतो.