पिशवी कामावर होती

प्रिय दादा,

सकाळी घरातून निघून पहिल्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत पोहोचायला तुला जो वेळ लागतो, तो कोणाचा? तुझा की कंत्राटदाराचा? खरं सांगते, याचं उत्तर मला देता येत नाही. ‘घर लांब घेतलंत ते तुम्ही,’ असं आमचे कंत्राटदार साहेब म्हणतात आणि मी पुढचं पत्र टाइप करायला घेते. पण एका लिफ्टपासून दुसऱ्या लिफ्टपर्यंतचा वेळ? त्याबद्दल माझ्या मनात काडीमात्र शंका नाही.

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. समोर बोलायला लागले की तू वहिनीला हाक मारतोस, “या, ऐका, ग्रॅज्युएट बाई बोलतायत!” सगळे हसतात आणि विषय तिथेच मिटतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तू स्कूटरवरून पडलास त्या दिवशी मी ऑफिसात साहेबांच्या समोरच बसले होते. बंद पडलेली एक लिफ्ट चालू करून तू खाली आलास, वॉचमनकडे वेळ लिहिलीस, म्हणजे कंत्राटदाराच्या लेखी तुझं काम थांबलं. तेवढ्यात साहेबांनी फोन लावला, “अरे, पुलापलीकडच्या इमारतीत एक आजी अडकल्यात, उडत ये!” तू स्कूटर काढलीस, पेट्रोलही तुझंच. पुढचं तुला माहीत आहे. हाताला प्लास्टर घालताना तू नर्सला म्हणालास, “साहेब उडत ये म्हणाले, म्हणून उडालो.” ती हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला दोन पत्रं टाइप करायला सांगितली. एक विमा कंपनीला: अपघाताच्या वेळी मेकॅनिक वाटेत होता, कामावर नव्हता. दुसरं तुला: हत्यारांच्या पिशवीतला वीज तपासायचा मीटर कामाच्या वेळेत, तुझ्या ताब्यात असताना फुटला, सबब किंमत पगारातून कापली जाईल. मी विचारलं, “साहेब, पिशवी कामावर होती आणि ती खांद्यावर घेतलेला माणूस कामावर नव्हता?” ते म्हणाले, “शिकलीस म्हणून शब्दात पकडू नकोस. वाटेतल्या वेळेचे पैसे द्यायला लागलो तर हे लोक उद्या प्रत्येक टपरीवर चहा पीत बसतील.” हे लोक! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यातल्याच एकाने माझी फी भरता यावी म्हणून कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचं काम अंगावर घेतलं. चहा प्यायला त्याला कधी सवड होती?

तू म्हणालास, “गप्प बस. हात जुळेल, नोकरी जुळायची नाही. घरातल्या एकाला तरी पंख्याखाली बसू दे.” मी ऐकलं. पण काल वहिनी तुझ्या शर्टाची बटणं लावत होती आणि तू लहान मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा होतास. अडकलेल्या किती माणसांना त्या हातांनी बाहेर काढलंय! मग मला पंख्याखाली बसवेना.

आता पत्राचं खरं कारण. विम्याचा माणूस लवकरच तुझा जबाब घ्यायला घरी येईल. त्याच्या आधी बहुतेक साहेब येतील, मीटर माफ केला म्हणतील आणि ‘मी कामावर नव्हतो’ अशा कागदावर, प्लास्टरमुळे सही जमणार नाही म्हणून, अंगठा मागतील. द्यायचा की नाही, ते तू ठरव. हात तुझा आहे. माझं मात्र ठरून गेलंय. ती दोन्ही पत्रं मी टाइप केली नाहीत. फोन कोणी केला, काय सांगितलं, मी कुठे बसून ऐकलं, हे सगळं स्वतःच्या सहीने लिहून आज सकाळी विमा कंपनीला आणि कामगार अधिकाऱ्यांना देऊन आले. मग ऑफिसात गेले, त्याची प्रत साहेबांच्या हातात दिली, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पंखा बंद करून निघाले.

तुझीच,
ग्रॅज्युएट बाई