मलकापूरला गाडीवरूनच

७ नोव्हेंबर १९७८, मंगळवार
मलकापूरहून सासऱ्यांचं, हंबीररावांचं, कार्ड. शनिवारी शालूला मुलगी झाली. दोघी खुशाल. बारसं पंधराला. खाली शालूचं अक्षर: एसटीनं या, पण या.
पहिली लेक बघायला जावई एसटीनं? डोहाळजेवणाला सगळ्यांसमोर सांगून बसलोय, येईन तर स्वतःच्या मोटरसायकलवर. स्टार्ट तेवढी होत नाही. किरकोळ आहे. उद्या प्लग साफ करणे.

९ नोव्हेंबर
प्लग साफ केला. चाळीस किका. किक रिकामी जाते, टाच दाणकन खाली बसते. म्हणजे प्लग नव्हे, कार्बोरेटर. शिरोलीच्या फाउंड्रीत सहा वर्षं स्टोअर्स सांभाळतोय, पार्ट हातात आला की कळतंय मला.

१२ नोव्हेंबर, रविवार
कार्बोरेटर खोलला, जोडला. उजव्या पायाची तीन बोटं बधिर.
शाहूपुरीतला बाबालाल मिस्त्री न बोलावता आला. हातानंच किक दाबून बघितली. म्हणाला, "भाऊ, किकचं दातं झिजल्यात. इंजिन खोलाय पायजे, आठ दिस लागतील. तंवर यष्टीनं जाऊन या की."
माणूस चांगला, पण इंजिनातलं कळत नाही.

१५ नोव्हेंबर, बुधवार
रजा टाकली. सहापासून किका. शेजारच्या आक्कांनी झबलं शिवून दिलंय, ते पिशवीत घालून हँडलला अडकवलेलं. अकराची एसटी गेली. आता माघार घेणं स्वभावात नाही.
बारसं माझ्याविना झालं असणार. वाईट वाटायला पाहिजे होतं. पाय सोडून काही जाणवत नाही. पायही फारसा नाही.

१८ नोव्हेंबर
कार्ड. बारसं झालंच नाही. शालू अडून बसली, बापाशिवाय नाव ठेवायचं नाही म्हणून. आता सव्वीस तारीख धरलीय. बरं झालं, गाडीला वेळ मिळाला. बाबालालला देता आली असती, बरोबर आठ दिवस आहेत. पण अजून कंडेन्सर बघायचा राहिलाय.

२५ नोव्हेंबर
कंडेन्सर नव्हे.
उपाय सापडला. च्यायला, किक लागतेच कशाला? टेंबलाईच्या टेकडीचा उतार. वरून सोडायची, सेकंड गिअर, क्लच सोडायचा. वाटेत बंद करायची नाही, एवढंच.

२६ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ६
बाबालालनं आणि मी गाडी टेंबलाईवर ढकलत नेली. उतारावर चालू झाली. कुठंही थांबलो नाही. अकराला सासऱ्यांच्या दारात.
दारात उतार नाही. बंद केली तर परत कशी निघणार? सीटवरच बसून राहिलो. हंबीरराव दोनदा म्हणाले, उतरा. आत पाळणा सजवलेला दिसत होता. बायका दारात आल्या. आवाजानं मुलगी रडायला लागली. शालू तिला घेऊन अगदी जवळ आली.
"घ्या की," म्हणाली.
न्यूट्रल लागत नव्हता. एका हातात क्लच, दुसऱ्यात ॲक्सिलरेटर. म्हटलं, हात मोकळे नाहीत.
 शालूनं हँडलवरची झबल्याची पिशवी काढून घेतली आणि आत गेली. दार लावलं.
गाडी वळवली. स्टँडजवळ म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, बंद पडली. स्टँडवरच्या दोघांनी ढकलली, चालू झाली नाही. चहाच्या टपरीमागं लावली. सासऱ्यांचं घर हाकेच्या अंतरावर. पाळणा म्हणत होत्या, तिथवर ऐकू येत होतं.
कोल्हापूर एसटी लागलेलीच होती. खिडकीजवळ जागा मिळाली. दीड तास हात मोकळेच होते.