मापाचे ब्लाऊज

३ फेब्रुवारी, सोमवार
माणिकबाईले परवा माती दिली. पाळकसाहेब म्हणे, मनकर्णाबाई, रविवारी उपासनेत तिच्या आठवणीचे दोन शब्द बोला. मी म्हटलं, बोलणं मले जमत नाई, काम सांगा. लगेच भेटलं! तिची सून दीपमाला थैलीच घेऊन आली. चर्चच्या बायांनी माणिकबाईकडे शिवायच्या मापाले देलेले ब्लाऊज. कोणाचा कोणता, तिले समजत नाई.

मंजुषा आली होती मातीले. फाटकापाशीच उभी रायली. माही पोरगी — पण चर्चबाहेर लगन केलं तवापासून मी बोलत नाई. परवाही नाई बोलली.

४ फेब्रुवारी
पायाले भिंगरी. ज्या घरी जावं तिथं रडणं आन् चहा. ब्लाऊज घे म्हटलं तं उराशी धरून बसतात. एकीनं दुसरीचाच उचलला, अंगात जाईना तवा वापस देला. शिलाई माणिकबाई घेत नव्हती. वरून घडीत वांगे खुपसून द्यायची. देठाच्या काट्यानं माह्या ब्लाऊजाचा धागा निंगला, तवा मी लय बोलली. हासली नुसती.

तिच्या आंगणात गेली. कारल्याचा वेल कापडाच्या कतरणींनी बांधेल — लाल, हिरव्या, जरीच्या. पाणी टाकलं. बसवलं नाई तिथं.

५ फेब्रुवारी
एक उरला.

६ फेब्रुवारी
निळा हाय. डावी बाही ढिली. मंजुषा लहानपणी जांबाच्या झाडावरून पडली, कोपर वाकडंच जुळलं. अशी बाही तिलेच लागते. म्हणजे माणिकबाई तिचे ब्लाऊज शिवून रायली होती — आन् माह्यासंग प्रार्थनेले बसे! एकदा मी तिले म्हटलं होतं, त्या पोरीचं नाव काढू नको. तं म्हणे, "नाव नाई काढत. पण तुया रागापाई मी तिले उघडी नाई ठेवणार." मले वाटलं, बोलते नुसती.

दीपमालेले म्हटलं, तूच नेऊन दे. ते म्हणे, काकू, आमी अकोल्याले चाललो, तुमीच जा.

८ फेब्रुवारी, शनिवार
नांदगाव पेठले मंजुषाच्या घरी गेली. दारातच ब्लाऊज देला आन् वळली.

"आई, हा जो घालून आली, त्याचं कापड मी देल्लं होतं. माणिकमावशीनं सांगतलं नाई काय?"

आंगातला ब्लाऊज नाताळात माणिकबाईनंच देला होता. उरल्या तुकड्याचा हाय, म्हणे ते तवा.

उंबऱ्यापाशी चप्पल काढली.