पाचवा रकाना

सोमवार, २ तारीख

ही वही खेळण्यांच्या ढिगातच सापडली. वर हत्तीचं चित्र, आत एक अक्षर नाही. कुणाच्या तरी आजीने हौसेने दिली असेल आणि नातवाने ढुंकूनही पाहिलं नसेल. मी विचारून ठेवून घेतली.

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. लोक घरातली जुनी प्लास्टिकची खेळणी इथे आणून टाकतात. आम्ही ती धुऊन लख्ख करायची, मग ती पाळणाघरांतल्या मुलांना जातात. धुण्याच्या खोलीला लागूनच आम्हाला राहायला एक खोली मिळाली आहे. खिडकी पूर्वेला, नळाला चोवीस तास पाणी. टिल्लीच्या बापाने काखा वर केल्यापासूनच्या दीड वर्षात आम्ही मायलेकी चार ठिकाणी राहिलो. आता इथून हलायचं नाही, काहीही झालं तरी.

टिल्ली चार वर्षांची. खेळण्यांचे डोंगर पाहून तिची वाचाच बसली, आणि तिची वाचा बसणं म्हणजे केवढी गोष्ट! मॅडम, म्हणजे इथल्या प्रमुख, गोड बोलतात, झुळझुळीत साडी नेसतात आणि हिरव्या शाईच्या पेनाने सही करतात. माझ्या कागदावरही हिरवीगार सही ठोकली. खेळणी निवडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला सगळे आत्या म्हणतात. मी अहोजाहो केलं तर म्हणाली, मला उगाच मोठं करू नकोस, आधीच गुडघे दुखतायत.

मंगळवार, ३ तारीख

आत्याने काम शिकवलं. वाटलं होतं, धुण्यात काय शिकायचंय! पण आहे.

आधी निवडायचं. तडकलेलं, चाक निखळलेलं बाजूला. मग साबणाच्या पाण्यात घासायचं, खाचाखोचांना जुना दात घासायचा ब्रश. मग मोठ्या टबात जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवायचं. त्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. मग वाहत्या नळाखाली तीनदा विसळायचं आणि जाळीवर वाळवायचं.

खरी मेख पोकळ खेळण्यांची. बदकं, मासे, बेडूक, दाबलं की पिपाणीसारखे वाजणारे. पोटाखालच्या भोकातून औषधाचं पाणी आत शिरतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. बाहेरून हाताला कोरडं लागतं. म्हणून शेवटी प्रत्येक खेळणं कानाशी धरून दाबायचं. नुसती हवा ऐकू आली तर ठीक. जरा जरी बुडबुड झाली तरी परत जाळीवर.

प्रत्येक क्रेटला एक कार्ड असतं, त्यावर नगांचा आकडा आणि पाच रकाने: निवडलं, घासलं, बुडवलं, विसळलं, ऐकलं. प्रत्येकात खूण करायची, शेवटी धुणारीची सही. आत्या म्हणाली, बाकी चार ठिकाणी हात आखडलास तरी देव माफ करेल, पाचव्यात करू नकोस. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टबाकडे बघत होती.

शनिवार, ७ तारीख

अंगाचा पिट्ट्या पडलाय. आत्या रजेवर, आणि मॅडमनी दुपारी येऊन फर्मान काढलं की निळा क्रेट चारच्या टेंपोने पाळणाघरात गेलाच पाहिजे, फोटो काढायला माणसं येणार आहेत. चाळीस पोकळ प्राणी. दोन दिवस जाळीवर होते. मी आठ-दहा कानाशी धरले, सगळे कोरडे. घड्याळात पावणेचार. मग कार्ड पुढे ओढलं, पाचव्या रकान्यात खूण केली आणि सही ठोकली. इतकं ऊन खाल्लंय त्यांनी, काय व्हायचंय!

टिल्लीचं मन एका लाल माशावर बसलं. भोकाड पसरायच्या आत मी तो क्रेटमधून काढून तिच्या हातात दिला. चाळिसांतला एक गेला तर कोण मोजतंय?

मंगळवार, १० तारीख

निळा क्रेट परत आला. पाळणाघरातल्या बाईंनी उघडलासुद्धा नाही, खालून पाणी गळतंय म्हणाल्या. टेंपोवाला आपली गादी भिजली म्हणून तणतणत होता. मी शपथेवर सांगते, शनिवारी तो क्रेट बाहेरून खडखडीत होता.

एकेक प्राणी दाबून पाहिला. सगळे तुडुंब. कार्ड भिजून मऊ झालं होतं, पण चार खुणा शाबूत होत्या. पाचवी तेवढी पुसली गेली होती. सही मात्र होती, माझी.

मी मुकाट्याने सगळं ओतून पुन्हा विसळायला घेतलं. एक पिवळं बदक रिकामं करून कानाशी धरलं. हवा आली आणि हवेमागून खोकला. लहान मुलाचा, घशात काही अडकल्यासारखा. आधी वाटलं टिल्लीच. वळून पाहिलं तर ती दारात मासा घेऊन गात होती.

गुरुवार, १२ तारीख

आत्याला गाठलं. आधी म्हणाली, हल्ली मलाही कान वाजल्यासारखे होतात. मी बदक तिच्या पुढ्यात ठेवल्यावर बोलली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जागी एक बाई होती. तीन वर्षांची लेक होती तिला, त्याच पाळणाघरात जायची. असाच घाईचा दिवस. ती बाई मॅडमना म्हणाली, बदकांच्या पोटात औषध आहे, मी पाचव्यात खूण करणार नाही. मॅडमनी तिला घरी पाठवलं आणि तिच्या नावाने स्वतः सही केली. क्रेट गेला. दुसऱ्या दिवशी तिच्याच लेकीच्या हाती बदक आलं. तिने तोंडात धरून चोखलं. औषध छातीत गेलं. खोकत खोकत दोन दिवसांत पोर गेली.

चौकशीत कार्ड पुढे आलं. सही आईची, म्हणजे दोष आईचा. तिने टाहो फोडून सांगितलं की ही सही माझी नाही. मॅडमना सही करताना आत्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. आत्या गप्प राहिली. मला म्हणाली, माझंही पोट होतं गं.

महिन्याभराने ती बाई इथेच सापडली. तोंड टबात. मी रोज हात घालते त्याच टबात.

जावं का इथून? टिल्लीला घेऊन जायचं कुठे? आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा माझं डोकंच जास्त फिरलंय.

शनिवार, १४ तारीख

कपाटात जुन्या कार्डांचे गठ्ठे आहेत. ते कार्ड मिळालं. चार खुणा निळ्या. पाचवी खूण आणि सही हिरवी. चौकशी करणाऱ्यांनी शाई पाहिली नाही, नाव तेवढं वाचलं.

तेवढ्यात मॅडम आल्या, हातात खोकं. नातवासाठी मैत्रिणीकडची खेळणी आणलीत. आंघोळीची बदकं, बोटी. बुधवारी न्यायला येतील. म्हणाल्या, नीट ऐक हं, एकेक तीनतीनदा, घरचं लेकरू आहे.

घरचं लेकरू! पाळणाघरातली काय रस्त्यावर पडलेली? मी मान डोलावली. पण तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्याच क्षणी टबातलं पाणी हललं. कुणी शेजारी उभं राहून माझ्याइतकंच संतापावं तसं वाटलं. भीती वाटायला हवी होती. बरं वाटलं.

सोमवार, १६ तारीख

आत्या आली नाही. दुपारी टिल्लीला घेऊन तिच्या घरी गेले. आत्या कुशीवर पडलेली, कानातून पाणी ठिबकतंय, उशी चिंब. सून म्हणाली, डॉक्टरला काही कळत नाही. पाण्याला आमच्या औषधाचा वास.

आत्याने माझा हात धरला. एका कानात पोर खोकते, म्हणाली. दुसऱ्या कानात तिची आई सारखी एकच विचारते, ऐकलंस ना? ऐकलंस ना?

टिल्ली परतताना मासा कानाशी धरून चालत होती.

मंगळवार, १७ तारीख

आत्या गेली. पहाटे.

मॅडमच्या नातवाच्या खोक्यातलं मोठं बदक. तीनदा विसळलं, उलटं टांगलं, रिकामं केलं. कानाशी धरलं. आज खोकला नाही. बाईचा आवाज, हळू, शेजारणीने कुंपणावरून बोलावं तसा —

मुलाला नको. तिला ऐकव.

मी हो म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

बुधवार, १८ तारीख

मॅडम आल्या. झालं का सगळं, म्हणाल्या. मी म्हटलं, घरचं लेकरू आहे, तुम्हीच एकदा ऐका. जुनं कार्ड समोर ठेवलं. हिरवी सही वर. त्यांचा चेहरा उतरला, मग हसल्या. जुन्या गोष्टी उकरून तुला काय मिळणार, राहायला खोली आहे ना? — असं. खोलीची आठवण करून दिली मला.

बदक हातात दिलं. घेतलं. कानाशी धरलं.

दाबलं.

पाणी किती यावं एवढ्याशा बदकातून? खांदा, साडी, फरशी — थांबेना. त्या बदक सोडू पाहत होत्या, हात सुटत नव्हता. खोकत खाली बसल्या. मी जागची हलले नाही. ऐकलंत ना, असं विचारलं. मी की तिने, आठवत नाही.

मला वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवते. अजिबात नाही.

गुरुवार, १९ तारीख

मॅडम गेल्या. छातीत पाणी. बुडाल्यासारखं, म्हणतात.

संपलं. जीव भांड्यात पडला. सकाळी टब घासून पालथा घातला. नातवाचं खोकं रिकामं केलं, सगळी बदकं कात्रीने कापली. मग निळा क्रेट. ते तरी नीट करू म्हणून एकेक कानाशी धरलं. नुसती हवा. छान. पाचव्यात खूण करताना मोजले —

एकोणचाळीस.

कार्डावर चाळीस. खाली माझी सही. शनिवारची, पावणेचारची —

पण मला माहीत नव्हतं गं. घाई होती. त्यांनी सांगितलं होतं —

त्यांनी सही केली नव्हती. या कार्डावर निळी शाई आहे.

टिल्ली सकाळपासून खोकतेय. मी म्हटलं थंडी. बारा दिवस तो मासा तिच्या उशाशी, तोंडात —

काढून घेऊ गेले, देत नाही. बोटं सुटत नाहीत. फ्रॉक ओला झालाय. रडतही नाही, हसते. म्हणते, आई, यातली बाई रोज माझ्याशी बोलते. मला म्हणाली, तुझ्या आईला विचार —

तू हा मासा ऐकला होतास का

काय सांगू. हो म्हटलं तर पुन्हा खोटं. नाही म्हटलं तर —

तिने मासा माझ्या कानाशी आणलाय. गार आहे. मी आता ऐकते बाई, नीट ऐकते, तीनतीनदा ऐकते, हिला सोड, मी

टिल्ली दाबू नको टि