माद्यांची बाटली

सोमवार
प्रयोगशाळेत नोकरी लागली एकदाची! काम काय, तर फळांवरच्या माशांचं म्हातारपण बघायचं. नवरा म्हणाला, म्हणजे माशा मारायचा पगार. मारायच्या कुठल्या, पोसायच्या! मॅडमनी नीट समजावलं. डोपामाइन म्हणजे मेंदूला हुरूप देणारं रसायन. ते वाढवणारं औषध खाल्लं की माद्या तरण्याताठ्या राहतात, नर मात्र लवकर म्हातारे होतात. असं का, ते शोधायचंय. खोलीत आंबलेल्या यीस्टचा वास कोंदलेला असतो. डबा खाताना शिसारी आली, पण होईल सवय.

बुधवार
माशा एका बाटलीतून दुसरीत न्यायच्या त्या तोंडाने. रबरी नळी दातांत धरून श्वास ओढायचा, माशी पुढच्या काचेत येते. मध्ये बारीक जाळी. नळी सगळ्यांत एकच, चावून चावून बुळबुळीत झालेली. शी! माशांचं खाणं शिजवणारे काका हसून म्हणाले, अहो ताई, एखादी गेली पोटात तर काय होतंय, आमच्या किती गेल्या!

शुक्रवार
जाळी फाटली होती. कोणी पाहिलीच नव्हती, मीही नाही. औषधवाल्या माद्या ओढत होते, सात-आठ एकदम घशात गेल्या. जिभेवर पंख, टाळ्याला पाय. आतडी पिळवटेपर्यंत ओकले. एकही बाहेर आली नाही. मॅडमना काळजी पडली ती प्रयोगाची.

मंगळवार
मला दमायलाच होत नाही. चेहरा तुकतुकीत. नवऱ्याच्या भुवया मात्र पांढऱ्या झाल्यात, हात थरथरून चहा सांडतो. डॉक्टर म्हणे कामाचा ताण. काकांना विचारलं, तर सहज बोलून गेले की औषध न खाल्लेला नरही त्या माद्यांजवळ ठेवला की वाळतो.

गुरुवार
केराच्या डब्यातलं सडकं केळं चाटत होते. मी! गोड लागलं. स्वतःचीच किळस येते. घशात सारखं खाजतंय—

शनिवार
वेगळ्या खोलीत राहते, आतून कडी. तो दाराबाहेर बसून विचारतो, माझं काय चुकलं. आवाज पार म्हाताऱ्याचा. त्याला सांगायला हवं, आईकडे निघून जा, माझ्यापासून लांब—
खोकला आला. उशीवर पांढऱ्या अळ्या. वळवळतायत.

रविवार
कडी लावायची राहिली— तो आत आलाय— किती वाळलाय— हात पुढे करून जवळ येतोय. ओरडून थांबवायचंय त्याला. पण दातांमागे पंख फडफडतायत, ओठ उघडले की सगळ्या त्याच्या—