पिवळ्या स्वेटरची दुसरी बाही

दार्जिलिंग

सम्या,
सप्रेम जय भीम. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. फोनवर बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

आई दुपारी झोपते का रे? मालाडच्या मार्केटात नेलंस तर तिचा हात सोडू नकोस.

निघायच्या दिवशी बरोबर कुठलं विणकाम न्यावं म्हणून मी सगळं पलंगावर पसरलं होतं. अर्धवट शाल घ्यावी की क्रोशाचा रुमाल? तेवढ्यात आईने कपाटातून जुना पिवळा स्वेटर काढून आणला. इवलासा, एकाच बाहीचा. म्हणाली, "बाई, तुम्ही थंडीत चाललाय ना? एवढी बाही विणा आणि माझ्या रश्मीला घाला. लहान आहे हो ती, गारठेल."

मी समोरच उभी होते, सम्या.

"हो" म्हणाले आणि शाल घरीच ठेवली.

इथे सगळे फिरतात, मी विणत बसते. आईचे टाके घट्ट, माझे सैल. बाही सारखी मोठी होते यार, परत उसवते. आज कशीबशी जमली.

आई विचारेल तुला. सांग, रश्मीने घातला. अगदी मापात बसला, आणि आता तिला थंडी वाजत नाही म्हणावं.

तुझी ताई,
रश्मी