बगळपाय काठाची परवानगी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

अमरचा फोन! माझं नाव पक्कं. शनिवारी, पहिल्याच दिवशी, दुपारी तीन वाजता. वीस मिनिटं.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन यंदा पहिल्यांदाच आपल्या जिल्ह्यात — शहापूरला, हायवेवरच्या कॉलेजात. अमर नागपूरचा, तोच सगळं जमवून राहिला. चार वर्षांची ओळख, पण नुसती लिहिण्यातली. मी कोड टाकायचा, त्यानं चुका काढायच्या. आवाज आज पहिल्यांदा ऐकला. वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

बोलायचं माझ्या प्रोग्रामवर. नाव "काठ". चौकटीच्या कागदावर काढलेला साडीचा काठ त्यात टाकला की कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे ते विणणाऱ्याला सांगतो. बस, इतकंच. मोहाडीच्या ज्युनिअर कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवून उरलेल्या वेळात केलेला.

आईला सांगितलं. म्हणाली, "वीस मिनटं बोलाले अर्धा घंटा फोन?"

५ फेब्रुवारी, बुधवार

बाबा म्हणतात, मी बी येतो.

"तुमाले तिथं काय समजन?" मी म्हटलं.

"चार वर्षं झाले, दिवसभर डबड्यात डोकं घालून बसते. पाहू तं दे काय करून राहिली."

सत्तरीचा माणूस. पन्नास वर्षं मागावर. शहापूरला कधी बसमधून उतरलेसुद्धा नसतील. नाही कशी म्हणू?

आणि नाही म्हणावंसं का वाटतंय ते इथं तरी लिहिते. प्रोग्राम तपासायला नमुने लागत होते. बाबांच्या पेटीतले कागद काढले, अकरा काठ उतरवून घेतले. त्यातला बगळपाय सगळ्यात देखणा — करवतीच्या दातांमध्ये बगळ्याच्या पायासारखी तीन बोटं. मोहाडी तालुक्यात तो काठ बाबांच्याच नावानं चालतो. "चंद्रभानचा बगळपाय." दोन वर्षांपूर्वी प्रोग्रामसोबत तेही सगळे नेटवर टाकले. कोणीही घ्या, वापरा, बदला, पुढे द्या. प्रत्येक नमुन्याखाली लिहिलं — चंद्रभान सोनकुसरे, आंधळगाव. वाटलं, मान दिला.

विचारलं मात्र नाही. आधी सुचलं नाही, मग टाळलं. मग वाटलं, बाबा कुठं नेटवर जातात!

आता येतो म्हणतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी पांढरा सदरा दोनदा इस्त्री करून घेतला. मला ताप आला तर बरं होईल. नाही आला.

८ फेब्रुवारी, शनिवार. कॉलेजच्या पायऱ्यांवर, दुपारी दीड

जेवणाची सुटी आहे. मला जेवण जात नाही. लिहूनच घेते.

सातच्या एसटीनं निघालो. भंडाऱ्याला गाडी बदलली, नऊलाच पोचलो. दारात नोंदणी. गळ्यात अडकवायला पट्टी, तीवर नाव आणि "योगदान" — म्हणजे तुम्ही काय बनवलं, काय सुधारलं. माझ्या पट्टीवर "काठ". टेबलामागच्या मुलीनं बाबांना विचारलं, "आजोबा, तुमचं योगदान?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे."

तिनं खरंच लिहिलं — योगदान : साधना. हसावं की रडावं! बाबांनी ती पट्टी सदऱ्यावर सरळ करून घेतली.

सभागृहात दोनशेच्या वर माणसं. निम्मी पोरंपोरी, लॅपटॉपला चिकटवलेली चित्रंच चित्रं. अमर दिसला — टक्कल, चष्मा, धावपळ. "साधनाताई? तुम्ही इतक्या लहानशा असाल वाटलं नव्हतं," म्हणाला. मी सदतीस वर्षांची आहे! उंचीबद्दल बोलत असावा.

उद्घाटनाचं भाषण चांगलं झालं. बाई पुण्याच्या होत्या. ज्ञान कुलपात ठेवलं की सडतं, वाटलं की वाढतं, असं सांगत होत्या. बाबा माझ्या कानाशी —

"म्हंजे हे सारं फुकट देतेत?"

"हो."

"मंग खातेत काय?"

"नोकऱ्या आहेत त्यायले. हे वरून."

"हं." थोड्या वेळानं परत, "अना ज्याचं आहे त्याले इचारून देतेत ना?"

मी पाण्याची बाटली शोधायला वाकले.

साडेअकराला बाहेरच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. ज्यानं त्यानं आपलं काम दाखवायचं. एक मुलगा तलावातल्या पाण्याची पातळी मोजणारं यंत्र घेऊन आला होता, बाबा त्याच्यापाशी रमले. गोसीखुर्द धरणाकडचा निघाला. मला वाटलं, निभावलं. दुपारनंतर मी प्रोग्राम दाखवीन, नमुने दुसरेच दाखवीन, बगळपाय काढणारच नाही. झालं!

तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली. "साधना दीदी कौन है?"

रंभाबाई देवांगन. छत्तीसगडमधल्या चांप्याहून आलेल्या, पन्नाशीच्या. बायकांचा विणकर गट चालवतात. "काठ" वापरतात हे मला माहीत होतं, दोनदा चूक कळवली होती त्यांनी. येणार हे माहीत नव्हतं. मला मिठीच मारली. मग पिशवीतून कोशाच्या रेशमाची साडी काढली, टेबलावर पसरली.

बगळपाय.

बाबा माझ्या मागेच होते. मला ते आधी दिसले नाहीत, त्यांचा हात दिसला. साडी उचलली, उलटी केली — ते कापड नेहमी उलटीकडूनच पाहतात. नखानं दात मोजत गेले. सातव्या दातानंतर थांबले. तिथं एक धागा मुद्दाम सोडलेला असतो. बाबांच्या काठाची खूण. तोही तसाच होता. माझ्या प्रोग्रामनं इमानदारीनं उतरवला होता.

"ये कहाँ से मिला?" बाबांनी विचारलं.

"नेट पे है, भैया। सबके लिए। चौदह करघे चल रहे हैं हमारे इसी किनारी पे। दो साल पहले पाँच थे।" रंभाबाईंनी फोन काढून दाखवला. नमुना, आणि खाली नाव. बाबांना वाचता येतं. स्वतःचं नाव त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग रंभाबाईंचं लक्ष त्यांच्या गळ्यातल्या पट्टीकडे गेलं. "चंद्रभान… आप ही हैं?" आणि बाई थेट पायाशी वाकल्या!

बाबांनी पाय मागे घेतले. असे, जसं काही चटका बसला.

"चाल," मला म्हणाले. बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मी सगळं सांगून टाकलं. केव्हा, कसं, का विचारलं नाही. ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत.

"मिटव."

"मिटत नाही बाबा. मी काढलं तरी ज्यायनं घेतलं त्यायच्यापाशी राहातेच. तीनशेच्या वर लोकायनं उतरवून घेतलं."

"मंग नाव तरी मिटव माह्यं."

"नाव काहून? नाव तं तुमचं पाहिजेच ना!"

"तुले सांगतलं ना, मिटव!" मग हळू आवाजात, "मी जातो घरी. तू थांब. तुह्यं काम कर."

भंडाऱ्याकडची बस आली, चढून गेले. खिडकीत बसले. पाहिलं नाही माझ्याकडे. पट्टी गळ्यात तशीच.

तीन वाजायला दीड तास आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी. घरी

मी बोलले. कागद पाहून बोलणार होते, कागद पाहिलाच नाही.

प्रोग्राम कसा चालतो ते दहा मिनिटांत सांगितलं. मग म्हटलं, यातले अकरा नमुने माझ्या वडिलांचे आहेत. मी ते त्यांना न विचारता तुम्हाला दिले. आज, इथं, व्हरांड्यात त्यांना कळलं. ते घरी निघून गेलेत. वाटणं चांगलं आहे हे मी चार वर्षं तुमच्याकडून शिकले. पण मी जे वाटलं ते माझं नव्हतं.

मग एकदम चार हात वर.

एक मुलगा म्हणाला, मग "कोणीही घ्या" हा परवानाच लागू होत नाही, नमुने ताबडतोब काढा. दुसरा म्हणाला, पारंपरिक नक्षी आहे, ती कोणा एकाची कशी? पुण्याच्या बाई म्हणाल्या, असं म्हणूनच तर विणकरांचं सगळं नेलं लोकांनी. आवाज चढले. अमर माइक घेऊन "एकेक जण, एकेक जण" करत होता. मी मधोमध उभी. रडले नाही. हे लिहून ठेवते.

मग रंभाबाई उठल्या. त्यांनी माइक घेतला नाही.

"तो हम बंद कर दें?"

चौदा माग. चौदा बायका. मी तर त्यांची नावंही विचारली नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, मागावर चढलेल्या साड्या तेवढ्या पूर्ण करू. नवी लावणार नाही. "भैया से पूछ के बताना, दीदी। उनकी चीज़ है। ना बोलेंगे तो ना।" राग नव्हता त्यात. राग असता तर बरं होतं.

टाळ्या नाही वाजल्या. अमर मला बसपर्यंत सोडायला आला. "पहिल्या दिवशी इतकं खरं कोणी बोलत नाही," म्हणाला. उद्याच्या दिवसाला या म्हणाला. बस आली, मी चढले.

घरी आले तर बाबा अंगणात. आई म्हणाली, "आल्यापासून पान्याचा घोट नाही घेतला. काय झालं वो तिथं?"

मी म्हटलं, मी चुकले. आई म्हणाली, "तुह्या चुकीवर हा मानूस असा कधी बसला नाही."

९ फेब्रुवारी, रविवार

संमेलनाला गेले नाही. अमरचे तीन फोन. लोक दिवसभर आमच्यावरच बोलत होते म्हणे. आता एक नियम करणार आहेत — गावातली, घरातली कला प्रोग्रामात टाकायची तर आधी ज्याची त्याची लेखी परवानगी. चांगलं आहे. मला उपयोग नाही.

बाबा मागावर बसले, पण धोटा हातात घेतला नाही. एक तास नुसतेच बसले. मी जवळ गेले. रंभाबाईंचं सगळं सांगितलं, चौदा मागांचंही. म्हटलं, बाबा, तुमी हो म्हना का नाही म्हना, मी तसं लिहीन. फक्त त्या बायकायचं काम थांबलं आहे.

"चौदा?"

"चौदा."

"दोन रोज दे मले."

वाटलं, मन मोठं करणार बाबा. हो म्हणतील. मग लाज वाटली — मला त्यांचं हो माझ्यासाठी हवं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॉलेजात गेले, शिकवलं, आले. बाबा जेवले. बोलले नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज बोलले. आई देवळात गेली होती तेव्हा.

"बगळपाय माहा नोहे, साधना. नत्थूचा होय."

नत्थू म्हणजे बाबांचा जोडीदार. एकाच छपरीत दोघांचे माग होते. मी जन्मायच्या आधीच कावीळ होऊन गेला. त्याआधी त्यानंच काठाचे कागद आमच्याकडे ठेवायला दिले होते. कोणी मागायला येईल म्हणून बाबांनी वर्षभर वाट पाहिली, मग तो काठ स्वतःचा म्हणून विणला. बाजारात नाव झालं. मग सांगणं राहूनच गेलं. चाळीस वर्षं.

त्याची बायको मंदाबाई. चाळीस वर्षांपासून रोज आमच्याकडे येऊन धाग्याच्या कांड्या भरते. तो धागा त्याच काठाला लागतो. तिला माहीत आहे का, मी विचारलं.

"माईत असन. म्हनलं नाही तिनं कधी."

मी फाइल उघडली. बगळपायाखालचं चंद्रभान खोडलं, नत्थू लिहिलं. त्याखाली परवानगीची ओळ घातली, ती कोरी ठेवली.

"तू नोको सांगू तिले," बाबा म्हणाले. "मी जातो."

चप्पल घालून गेलेत. रंभाबाईंना अजून काही कळवलेलं नाही. हो की नाही, ते आता मंदाबाईच सांगेल.